वाचकांचे प्रश्न : मुलाखतींचे विश्लेषण हाताने करावे काय?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून येतो आहे. मुलाखती झाल्या, त्या लिहूनही काढल्या, पण पुढे कागदांच्या त्या गठ्ठ्याचे काय करायचे, आणि सॉफ्टवेअर हाताशी नसेल तर काम अडते काय, असे त्या पत्रांतून विचारले आहे. म्हणून या अंकातील सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी समाजकार्य विषयात पीएच.डी. करीत आहे. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर आणि कुही तालुक्यांतील १८ आशा स्वयंसेविकांच्या सविस्तर मुलाखती मी घेतल्या असून शब्दशः उतरवल्यावर त्यांची सुमारे २७० पाने झाली आहेत. माझे मार्गदर्शक सर म्हणतात की सॉफ्टवेअर वापरले नाही तर बाहेरचे परीक्षक या विश्लेषणाला शास्त्रीय मानणार नाहीत. परवान्याचा खर्च मला झेपणारा नाही. मी रंगीत पेनांनी खुणा करायला सुरुवात केली आहे, पण आपण काही चोरून करीत आहोत असे सारखे वाटते. हाताने केलेले विश्लेषण प्रबंधात चालेल काय? सोबत एका मुलाखतीतील उतारा आणि त्याला मी दिलेले कोड, म्हणजे त्यातील आशय सांगणारी छोटी नावे, पाठवीत आहे.
— संशोधक विद्यार्थिनी, नंदनवन, नागपूर

उत्तर : चालेल, आणि त्याबद्दल मनात अपराधी भाव ठेवण्याचे काहीही कारण नाही. तुमच्या सरांची शंका मला समजते, कारण ती एका सवयीतून आली आहे. सर्वेक्षणाची आकडेवारी एसपीएसएसमध्ये भरली की सरासरी, सहसंबंध, काय-वर्ग चाचणी हे सगळे तो प्रोग्रॅम स्वतः काढून देतो, आणि म्हणून एनव्हिवो किंवा ॲटलास टीआय यांसारखे प्रोग्रॅमही मुलाखतींतून निष्कर्ष काढून देत असतील, अशी अनेक अनुभवी प्राध्यापकांचीही समजूत असते. या प्रोग्रॅमांचे मूळ काम वेगळे आहे. तुम्ही ज्या ओळीला जो कोड द्याल तो ते जपून ठेवतात, मागाल तेव्हा त्या कोडखालच्या सगळ्या ओळी एकत्र काढून दाखवतात आणि मूळ मुलाखतीत ती ओळ कोठे होती हे विसरत नाहीत. हे उत्तम दप्तरी काम आहे. मात्र ओळ वाचून तिचा अर्थ ठरवण्याचे काम वाचणाऱ्याकडेच राहते, मग त्याच्या हातात माऊस असो की पेन्सिल.

सरांशी बोलताना इतिहासाचा आधारही घेता येईल. मुलाखतींतील आणि निरीक्षणांतील नोंदी एकमेकींशी सतत ताडून पाहत सिद्धान्तापर्यंत जाण्याची पद्धत बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी १९६७ साली मांडली, आणि तिच्यामागे अमेरिकेतील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांभोवती केलेला त्यांचा प्रत्यक्ष अभ्यास होता. त्या वेळी असे कोणतेही सॉफ्टवेअर अस्तित्वात नव्हते. ऑस्ट्रेलियातील टॉम आणि लिन रिचर्ड्स यांनी या कामासाठी प्रोग्रॅम तयार केला तो १९८० च्या दशकात, आणि त्याच घरातील एनव्हिवो आले १९९९ मध्ये. आज सर्वाधिक उल्लेखली जाणारी आशयसूत्रांच्या, म्हणजे अनेक मुलाखतींतून जाणाऱ्या समान अर्थाच्या धाग्यांच्या, विश्लेषणाची पद्धत व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये सहा टप्प्यांत मांडली. त्या सहांपैकी कोणत्याही टप्प्याला संगणकाची अट नाही. परीक्षकाला तुमच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात एवढेच स्पष्ट दिसले पाहिजे की २७० पानांपासून निष्कर्षापर्यंत तुम्ही कोणत्या पायऱ्यांनी गेलात, आणि कोणतीही पायरी दाखवा म्हटले तर ती दाखवण्यासाठी कागद तुमच्यापाशी आहे. "विश्लेषण एनव्हिवोच्या साहाय्याने केले" या एका वाक्यावर थांबलेले प्रबंध मी वाचले आहेत आणि त्यांतून विश्लेषण नेमके कसे झाले याचा काहीही बोध मला झालेला नाही.

आता तुमच्या उताऱ्याकडे येते, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. तो असा आहे :

"रात्री बाराले दार वाजवते. म्हनते, ताई चाला, बाईले कळा सुरू झाल्या. मी जातो. गाडी बोलावतो, दवाखान्यात नेतो, सकाळी घरी येतो त सासू बोलते. पयसे कवा येतीन त सांगता येत नाही. पन बाई मोकळी झाली का मंग काही वाटत नाही."

तुम्ही समासात तीन कोड लिहिले आहेत : कामाचा ताण, आर्थिक अडचण, समाधान. हे तिन्ही शब्द मुलाखतीला जाण्यापूर्वीच तुमच्यापाशी होते. या बाईंना भेटल्यामुळे त्यांत काही भर पडलेली नाही. उतारा पुन्हा वाचा. पैसे कमी आहेत असे त्या येथे म्हणतच नाहीत. "कवा येतीन त सांगता येत नाही" असे त्या म्हणतात. त्यांचा मुद्दा अनिश्चिततेचा आहे, आणि अपुऱ्या पैशांपेक्षा ती वेगळी गोष्ट आहे, कारण हाती केव्हा येईल हे ठाऊक नसलेल्या पैशांवर किराणा दुकानात उधारीसुद्धा बोलता येत नाही. "सासू बोलते" हे वाक्य तुम्ही कामाच्या ताणात टाकले आहे; मला मात्र तिथे घर आणि गाव यांच्यामध्ये उभी असलेली, एकाच रात्रीचा हिशेब दोन ठिकाणी देणारी बाई दिसते. आणि सगळ्यांत महत्त्वाचा आहे तो "पन" हा शब्द. त्यावर उताऱ्याचा सगळा तोल आहे. शेवटचे वाक्य वेगळे कापून "समाधान" नावाच्या पाकिटात घातले तर वाचणाऱ्याला वाटेल की आशाताई समाधानी आहेत. त्या "काही वाटत नाही" असे म्हणत आहेत. काय वाटत नाही? सासूचे बोलणे, न आलेले पैसे की मोडलेली झोप? माझ्या मते तो कोड त्यांच्याच शब्दांत, "मंग काही वाटत नाही" असाच ठेवावा आणि पुढच्या सतरा मुलाखतींत असे कोणी कोठे म्हणते काय, आणि म्हणते तेव्हा त्याच्या अलीकडे काय सांगितलेले असते, हे शोधत जावे. ताडून पाहणे म्हणतात ते हेच.

हे सारे हाताने कसे करायचे तेही थोडे तपशिलाने सांगते. प्रत्येक मुलाखतीच्या दोन छापील प्रती काढा. उजवीकडे तीन बोटे समास सोडा आणि ओळींना क्रमांक द्या. एक प्रत अखंड राहील, तिला कात्री लावायची नाही. पहिले वाचन पेन हातात न घेता, शक्य झाल्यास ध्वनिमुद्रण ऐकत करा. दुसऱ्या वाचनात समासात कोड लिहा आणि प्रत्येक नवा कोड एका जाड रजिस्टरमध्ये चढवा : कोडचे नाव, त्याचा तुम्ही घेतलेला अर्थ, तो केव्हा द्यायचा, केव्हा द्यायचा नाही, आणि पहिल्यांदा दिला ती तारीख. पाच-सहा मुलाखतींनंतर जुन्या कोडचा अर्थ बदललेला तुमच्या लक्षात येईल. तेव्हा जुनी नोंद खोडू नका, खाली नव्या तारखेने नवी नोंद करा आणि आधीच्या मुलाखतींकडे परत जा. हे मागे जाणे कंटाळवाणे असते, पण माझ्या अनुभवात अर्धे विश्लेषण त्या फेऱ्यांतच होते.

त्यानंतर दुसरी प्रत कापायची. कापण्यापूर्वी प्रत्येक चिठ्ठीवर मुलाखत क्रमांक, पान आणि ओळ लिहिलेली असलीच पाहिजे, उदाहरणार्थ मु-७, पा. ४, ओ. १२ ते १७. याबाबतीत मी स्वतः एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. माझ्या पहिल्या अभ्यासाच्या वेळी ऐन मे महिन्यात, खोलीत कूलर चालू असताना, मी जमिनीवर चिठ्ठ्या मांडून बसले होते. ओळ क्रमांक नंतर लिहू म्हणून सोडून दिले होते. कूलरच्या झोताने एक पूर्ण रांग उडाली आणि त्यांतील बऱ्याच चिठ्ठ्या कोणत्या बाईच्या होत्या हे मला पुन्हा कधीच खात्रीने सांगता आले नाही. त्या वापरता आल्या नाहीत. त्या बायांनी मला दिलेला वेळ माझ्या निष्काळजीपणामुळे वाया गेला, याची खंत अजून आहे.

एकच ओळ दोन कोडांत बसत असेल तर तिची झेरॉक्स काढून दोन्हीकडे ठेवा आणि तशी खूण करा. कात्री लावताना मागचे-पुढचे वाक्य चिठ्ठीत राहू द्या. "पन" च्या अलीकडे कधीही कापू नका. कोडवार पाकिटे झाल्यावर ती जमिनीवर किंवा जुन्या चादरीवर मांडा आणि कोणती पाकिटे एकमेकांजवळ जातात ते दोन-चार दिवस हलवून पाहा. हे करताना जे मनात येईल ते तारीख घालून वेगळ्या वहीत लिहीत चला. आशयसूत्रे या वहीतूनच उभी राहतात, आणि परीक्षकाने "हे तुम्हाला कसे सुचले?" असे विचारले तर दाखवायचा पुरावाही तीच वही असते.

एका व्यक्तीने घेतलेल्या २५-३० मुलाखतींपर्यंत ही रीत आरामात पेलते. त्याहून अधिक सामग्री असेल, तीन-चार जण वेगवेगळ्या गावी बसून काम करीत असतील किंवा अभ्यास अनेक वर्षे चालणार असेल, तर मी स्वतः सॉफ्टवेअरचाच सल्ला देईन. टॅगेट आणि क्वालकोडर हे मोफत प्रोग्रॅमही उपलब्ध आहेत, त्यामुळे खर्चासाठी अडून बसावे लागत नाही.

प्रश्न : आम्ही दोघी सहकारी मिळून एका छोट्या प्रकल्पातील मुलाखतींचे कोडिंग हाताने करीत आहोत. दोघींचे कोड जुळतात हे आकड्याने सिद्ध करा, असे समीक्षकांनी कळवले आहे. हाताने केलेल्या कामात हे शक्य आहे काय?
— अधिव्याख्यात्या, कामठी

उत्तर : शक्य आहे, आणि त्याला कॅल्क्युलेटर पुरतो. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कप्पा हा निर्देशांक बहुधा समीक्षकांच्या मनात असावा. समजा शंभर चिठ्ठ्यांना एखादा कोड लागू आहे की नाही हे तुम्ही दोघींनी एकमेकींना न दाखवता ठरवले. २० चिठ्ठ्यांना दोघींनी "होय" म्हटले, ६५ ना दोघींनी "नाही" म्हटले, १० ना फक्त तुम्ही "होय" म्हटले आणि ५ ना फक्त सहकाऱ्यांनी. सहमती ८५ टक्के झाली. परंतु तुमचे "होय" एकूण ३० आणि त्यांचे २५ असल्यामुळे डोळे मिटून वाटले असते तरी (०.३० × ०.२५) + (०.७० × ०.७५), म्हणजे ६० टक्के सहमती योगायोगानेच झाली असती. ८५ मधून ६० वजा करून उरलेल्या २५ ला शंभरातून ६० वजा जाऊन राहणाऱ्या ४० ने भागले की कप्पा ०.६२५ येतो.

हा आकडा अवश्य कळवा. माझे लक्ष मात्र त्या १५ चिठ्ठ्यांवर राहील ज्यांवर तुमचे एकमत झाले नाही. त्या समोर ठेवून दोघींनी बोला, मतभेद का झाला ते रजिस्टरमध्ये लिहा आणि कोडची व्याख्या सुधारा. व्याख्या सुधारल्यावर पूर्वीच्या चिठ्ठ्या पुन्हा तपासाव्या लागतील हे गृहीत धरूनच वेळेचे नियोजन करा. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : अर्थनिर्णयाला प्राधान्य देणाऱ्या पद्धतींत, उदाहरणार्थ ब्राउन आणि क्लार्क यांच्या मांडणीत, दोन कोडकर्त्यांची अशी आकडेवारी अपेक्षितच नाही. तुम्ही ती पद्धत स्वीकारली असेल तर समीक्षकांना नम्रपणे तसे लिहिण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

प्रश्न : माझ्या मुलाखती वऱ्हाडी वळणाच्या बोलीत आहेत. सीताबर्डीवर टंकलेखनाला दिल्या, तेव्हा टंकलेखकाने सगळे प्रमाण मराठीत करून दिले. शिवाय प्रबंध इंग्रजीत असल्याने आधी भाषांतर करून मगच कोडिंग करावे, असे काही जण सुचवतात. आपले मत कळवावे.
— संशोधक, रामटेक

उत्तर : टंकलेखकाने चांगल्या हेतूने केले असेल, पण मूळ ध्वनिमुद्रणावरून ती पाने पुन्हा दुरुस्त करून घ्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे. वरच्या उताऱ्यातील आशाताई "मी जातो, मी नेतो" म्हणतात. आपल्याकडच्या अनेक बाया असेच बोलतात. तिथे "मी जाते" केले की बोलणारी व्यक्तीच बदलल्यासारखी होते. "बाई मोकळी झाली" चे "प्रसूती झाली" केले तर मोकळे होण्यातला सुटकेचा अर्थ पानावरून नाहीसा होतो, आणि जो पानावर नाही त्याला कोड देता येत नाही.

कोडिंग मूळ बोलीतच करावे, कोडची नावे आणि टिपणे मराठीत ठेवावीत, आणि इंग्रजी भाषांतर फक्त प्रबंधात उद्धृत करायच्या उताऱ्यांपुरते, शेवटी करावे. उताऱ्याचे मूळ शब्द परिशिष्टात द्यावेत. आधी भाषांतर केले तर तुम्ही विश्लेषण कराल ते स्वतःच्याच इंग्रजीचे.

संगणक वापरणाऱ्यांसाठी याच संदर्भात दोन सूचना. मजकूर कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टंकला असेल तर विश्लेषणाच्या प्रोग्रॅममध्ये तो निरर्थक अक्षरांसारखा दिसू शकतो. टंकलेखकाला युनिकोडमध्येच हवे असे आधी सांगा. दुसरे, शब्दशोधावर विसंबू नका. इंग्रजीत एक शब्द शोधला की बहुतेक जागा सापडतात, परंतु आपल्या भाषेत "पैसा", "पैसे", "पैशांचं", "पयसे", "पयशाले" ही एकाच शब्दाची रूपे शोधयंत्राला वेगवेगळी दिसतात, आणि "हाती काही पडत नाही" या वाक्यात तर पैसा हा शब्दच नसतो. हाताने वाचणाऱ्याच्या नजरेतून ते वाक्य सुटत नाही.

प्रश्न : चिठ्ठ्या मोजून "७२ टक्के आशाताईंनी असे सांगितले" असे लिहावे काय?
— एम.एस.डब्ल्यू. विद्यार्थी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : १८ मुलाखतींवर टक्केवारी लिहू नये, "१८ पैकी १३ जणींनी" असे लिहिणे पुरेसे आणि खरे आहे. तेही प्रश्न सर्वांना सारखाच विचारला असेल तरच. जिने विषय काढला नाही तिला तो अनुभव नाही, असे मोजणीतून सूचित होता कामा नये. आणि एकाच बाईंच्या सात चिठ्ठ्या असतील तर त्या सात जणी होत नाहीत.

प्रश्न : विश्लेषण पूर्ण झाल्यावर चिठ्ठ्या, रजिस्टर आणि मूळ कागद यांचे काय करावे? घरी जागा नाही, आणि मुलाखती देणाऱ्यांची नावे बाहेर जाण्याची भीतीही वाटते.
— संशोधक, हिंगणा

उत्तर : किमान मौखिक परीक्षा होऊन पदवी हाती येईपर्यंत आणि संशोधनाचे लेख प्रसिद्ध होईपर्यंत एकही चिठ्ठी टाकू नका, नैतिकता समितीने मुदत ठरवून दिली असेल तर ती पाळा. पाकिटे, रजिस्टर, टिपणवही आणि चादरीवरच्या मांडणीची छायाचित्रे एका पत्र्याच्या पेटीत ठेवा. पुठ्ठ्याची खोकी नकोत. पावसाळ्यात ओल येते आणि वाळवीला कागद आवडतो.

प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, हे मी थोडे जोर देऊन सांगते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा या गावी केलेल्या क्षेत्रकार्याच्या नोंदी वर्षानुवर्षे वर्गवारी करून तयार केल्या होत्या. २४ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे ते काम करीत असलेल्या संस्थेला आग लावण्यात आली आणि त्या वर्गवारी केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती एकाच वेळी जळाल्या. पुढे त्यांनी बहुतांशी स्मरणावर विसंबून त्या गावाविषयीचा ग्रंथ लिहिला आणि तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रती तीन होत्या, पण तिन्ही एकाच इमारतीत होत्या. तुम्ही प्रत्येक पान मोबाईलवर स्कॅन करा. एक प्रत घरी, एक नातेवाइकांकडे आणि एक पासवर्ड घातलेल्या पेन ड्राइव्हवर असू द्या.

नावांबाबत तुमची भीती रास्त आहे. चिठ्ठीवर नाव नसले तरी गावाचे नाव असेल तर उपयोग होत नाही. आशा स्वयंसेविका साधारण हजार लोकसंख्येमागे एक असते, त्यामुळे लहान गावात एकच आशाताई असतात आणि गाव कळले की व्यक्ती कळते. सासूचे बोलणे, आरोग्य केंद्रातील कोणाची तक्रार अशा गोष्टी तिने विश्वासाने सांगितलेल्या असतात, आणि तिला उद्याही त्याच गावात काम करायचे असते. म्हणून चिठ्ठीवर फक्त मुलाखत क्रमांक लिहा, उताऱ्यातील गावे आणि व्यक्तींची नावे छापील प्रत काढण्यापूर्वीच बदला, आणि क्रमांकावरून नाव सांगणारी यादी एका वेगळ्या कागदावर लिहून पेटीपासून दूर, कुलुपात ठेवा. त्या यादीची स्कॅन केलेली प्रत मोबाईलमध्ये राहिली नाही ना, हे एकदा तपासून घ्या.